मृत्युपत्रात समुद्राचा वाटा

माणूस गेल्यावर त्याच्या अस्थी समुद्रात सोडण्याची प्रथा मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जुनी आहे. मूठभर रक्षा, चार फुले आणि अलीकडे ती रक्षा ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली जाते ती पिशवीसुद्धा, एवढेच काय ते मृत माणसाकडून समुद्राच्या वाट्याला येते. जिवंतपणी नारळी पौर्णिमेचा नारळ आणि मेल्यावर ही रक्षा. उलटपक्षी समुद्राने त्याला जन्मभर मासळी, मीठ, पाऊस आणि संध्याकाळचा वारा पुरविलेला असतो. हा व्यवहार विलक्षण एकतर्फी आहे. परंतु तो कोणास खटकत नाही, कारण समुद्र कोणाच्याच देण्याघेण्याच्या हिशेबात बसत नाही.

मराठी मध्यमवर्ग दान करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावोगावच्या शाळांच्या भिंती, वाचनालयांचे दरवाजे, रुग्णालयांतील खाटा आणि देवळांच्या पायऱ्या पाहिल्या तर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे कोरलेले संगमरवरी दगड जागोजाग आढळतात. संस्कृतात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास पारितोषिक, व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा खर्च, विद्यार्थी वसतिगृहास वर्षातून एका दिवसाचे भोजन, अशी कलमे सामान्य नोकरदारांच्या मृत्युपत्रांतूनही दिसतात. देहदान व नेत्रदान यांसारख्या नव्या कल्पनाही या वर्गाने मनापासून स्वीकारल्या. या यादीत समुद्र मात्र नसतो. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. समुद्रावर दगड बसविता येत नाही.

देणगीदाराला केवळ नाव हवे असते, असा टोमणा येथे मारावयाचा नाही. दगडाचा अर्थ निराळा आहे. दगड जेथे बसतो तेथे एक संस्था असते, तिचे कार्यकारी मंडळ असते, हिशेबतपासनीस असतो, आणि रक्कम पोहोचल्याची पावती देणारा कोणी तरी असतो. समुद्राच्या वतीने पावती कोण देणार, हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही. सागरसंरक्षणाचे सारे अर्थशास्त्र याच प्रश्नाभोवती फिरते.

बेवारस मालमत्ता

किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांतील मासेमारीवर राज्याचा अधिकार चालतो. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्र सरकारचा. आणि त्यापलीकडचा समुद्र सर्वांचा, म्हणजेच व्यवहारतः कोणाचाच नाही. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने मासेमारीच्या निमित्ताने हे सूत्र प्रथम नीट मांडले. ज्या संपत्तीवर कोणाची मालकी नाही, ती जपून वापरण्यात कोणा एकाचा फायदा नसतो. हाताच्या तळव्याएवढे पापलेट जाळ्यात आले आणि एखाद्या सज्जन नाखव्याने ते परत पाण्यात सोडले, तर ते वाढून त्याच्याच जाळ्यात परत येईल याची त्याला कोणतीही शाश्वती नसते. शेजारची होडी ते घेऊन जाते. पुढे १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी हाच विचार गायरानाच्या दृष्टांताने जगभर पोहोचविला. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्य-माशाचा मान दिला. एखाद्या माशाला मान देण्याची वेळ येते तेव्हा तो कमी झालेला असतो, हे ओघानेच आले.

हाच नियम दानालाही लागू पडतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. एखाद्याने खारफुटीच्या रक्षणासाठी पैसे दिले तर त्याचे फळ अख्ख्या किनाऱ्यास मिळते. न देणाऱ्यासही तेवढेच मिळते. म्हणून जो तो दुसऱ्याची वाट पाहतो. शाळेच्या खोलीसाठी वर्गणी गोळा होते, कारण आपल्या गल्लीतील मुले त्या खोलीत बसणार असतात. समुद्राला गल्ली नाही.

हार्डिन यांचा निष्कर्ष फार निराशेचा होता, आणि तो पूर्णतः खराही नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की, सामाईक संपत्ती वापरणारे लोक अनेक ठिकाणी आपसांत नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्यास दंडही करतात. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु नियम फुकट होत नाहीत. बैठकांना खर्च येतो, राखणीला खर्च येतो, मासळीची मोजदाद करावयास खर्च येतो, आणि कोणी ऐकेनासे झाले तर कोर्टकचेरीला फारच खर्च येतो. सागरसंरक्षणासाठी पैसा कशाला लागतो, असे विचारणाऱ्यास याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

काळाचा हिशेब

या खर्चाची आणखी एक अडचण आहे. समुद्राचा काळ आणि अंदाजपत्रकाचा काळ यांचा मेळ बसत नाही. याचे जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावचे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे येथील वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी असतात. पूर्वी ती उकरून नेली जात, उरलेली कुत्री व कोल्हे फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ही अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवण्याचे काम सुरू केले. पिल्ले बाहेर पडावयास सुमारे पन्नास दिवस लागतात. मग ती समुद्रात सोडली जातात. आज हेच गाव कासवांच्या पिल्लांसाठी ओळखले जाते, आणि ती पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय करून गावातील घरांना चार पैसे मिळतात.

पण गणित येथे संपत नाही. वाळूतून निघालेले पिल्लू मादी असेल तर ती वयात येऊन अंडी घालू लागण्यास दहा-पंधरा वर्षे तरी जातात. ज्या वर्षी पैसे खर्च झाले त्या वर्षी त्याचे फळ मोजताच येत नाही. सरकारचे अंदाजपत्रक एका वर्षाचे, प्रकल्पाचे अनुदान बहुधा तीन वर्षांचे, लोकप्रतिनिधीची मुदत पाच वर्षांची. यांतील एकही मुदत कासवाच्या बाल्यावस्थेला पुरत नाही. शिवाय या प्राण्याला प्रांतांच्या सीमाही ठाऊक नसतात. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या आरंभी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. तिच्या राखणीचा खर्च कोणत्या राज्याच्या खात्यावर टाकावयाचा?

सामान्य नागरिकाच्या हातून आयुष्यात जे कागद लिहिले जातात, त्यांत आपल्यानंतरच्या काळाविषयी बोलणारा कागद एकच असतो, तो म्हणजे मृत्युपत्र. दीर्घ मुदतीच्या कामास दीर्घ मुदतीचा पैसा हवा, हे अर्थशास्त्रातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजते. आणि असा पैसा सामान्य माणसाकडे असू शकतो तो या एकाच मार्गाने.

हे विधान जरा स्पष्ट करावयास हवे. निवृत्त शिक्षक किंवा कारकून जिवंतपणी मोठी देणगी देऊ शकत नाही, याचे कारण त्याचे मन लहान आहे हे नव्हे. आपण किती वर्षे जगू हे त्याला माहीत नसते. पंचाहत्तरीत एखादे आजारपण आले तर किती लाख लागतील, हेही त्याला माहीत नसते. या दोन अज्ञानांपोटी तो मुदतठेवी मोडत नाही, घर विकत नाही आणि भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेला हात लावीत नाही. फ्रँको मोदिग्लियानी यांचा, माणूस तारुण्यात साठवितो व म्हातारपणी खर्चून टाकतो, हा सिद्धान्त या ठिकाणी लंगडा पडतो. भीतीपोटी राखलेली पुंजी बहुधा खर्च होतच नाही. ती मागे उरते. म्हणजे ज्या पैशाची त्याला जन्मभर गरज पडेल असे वाटले, त्याची गरज उरली नाही हे केवळ त्याच्या मृत्यूनंतरच निश्चित होते. त्या उरलेल्या पुंजीतील शेकडा पाच किंवा दहा भाग द्यावयाचा झाल्यास देणाऱ्याच्या औषधपाण्यातील एक पैसाही कमी होत नाही.

ब्रिटनमध्ये हा विचार रुजलेला आहे. १८२४ साली स्थापन झालेली तेथील जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था सरकारवर नव्हे तर प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि तिच्या नौका दहा वेळा समुद्रात उतरतात त्यांपैकी सुमारे सहा वेळांचा खर्च मृत्युपत्रांतून आलेल्या रकमांतून भागतो. ही संस्था माणसे वाचविते, मासे किंवा प्रवाळ नव्हे, हे खरे; पण समुद्रासाठी चालणारे एक प्रचंड काम मृतांच्या देणग्यांवर दोन शतके कसे टिकू शकते याचा तो पुरावा आहे. अर्थात ब्रिटिश माणूस केवळ पुण्य म्हणून हे करतो असे नाही. तेथे सव्वातीन लाख पौंडांवरील वारशास सामान्यतः शेकडा चाळीस कर पडतो. धर्मादाय देणगी करमुक्त असते. आणि निव्वळ मालमत्तेचा किमान दशांश धर्मादाय कामास ठेवला तर २०१२ पासून उरलेल्या भागावरील कराचा दरही छत्तिसावर येतो. तेथील वकील मृत्युपत्र लिहिताना हा हिशेब मांडून दाखवितात.

आपल्याकडे असे कोणतेही आमिष नाही. १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. आयकरात देणगीवर मिळणारी वजावट देणाऱ्याच्या हयातीतील उत्पन्नाची असते. मृत्युपत्रातील देणगीला ती लागत नाही. म्हणजे भारतात मृत्युपत्राद्वारे दान करणाऱ्यास सरकारकडून एक दमडीही सुटत नाही. मृत्युकर रद्द होणे योग्य होते की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दानाच्या प्रवृत्तीला त्या कराचा जो अप्रत्यक्ष आधार मिळू शकला असता, तो त्याबरोबर गेला.

‘धर्म’ या शब्दाचे काय झाले

इच्छा असली तरी ती कागदावर उतरविणे हे वेगळे कौशल्य आहे. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि ती प्रमाणित करणारे दोन साक्षीदार एवढे पुरते. हे सोपेपण फसवे आहे. खरी अडचण भाषेची असते.

रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई हा खटला मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८९९ साली त्याचा निकाल लागला. मृत्युपत्रात मालमत्ता ‘धर्म’ करण्यासाठी ठेवलेली होती. लिहिणाऱ्याच्या मनात अन्नछत्र असेल, धर्मशाळा असेल, पाणपोई असेल. पण त्याने एकच शब्द लिहिला. प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की ‘धर्म’ हा शब्द इतका व्यापक व संदिग्ध आहे की न्यायालयास त्याची अंमलबजावणी करता येणार नाही, सबब ते दान निरर्थक. ज्या शब्दावर या देशाने हजारो वर्षे विचार केला तो शब्द एका मालमत्तेचा भार पेलू शकला नाही. ‘माझ्या पैशांतून समुद्राचे भले व्हावे’ असे आज कोणी लिहिले तर त्याची गत याहून बरी होईल असे नाही. संदिग्ध दान रद्दबातल ठरविणारे कलम १९२५ च्या कायद्यातही आहे, आणि ते हिंदूंच्या मृत्युपत्रांसही लागू आहे.

याच्या उलट टोकाचा दोष बेंजामिन फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्रात होता. १७९० साली निधन पावलेल्या या गृहस्थाने बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले, ते दोनशे वर्षे व्याजाने वाढवावे आणि त्यांतून पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना कर्जे द्यावी अशी अट घातली. चक्रवाढ व्याजाने आपले काम चोख केले. १९९० च्या सुमारास बॉस्टनचा निधी पन्नास लाख डॉलरच्या आसपास आणि फिलाडेल्फियाचा वीस लाखांच्या आसपास गेला. पण कारखानदारी आली, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करणारा कारागीर नाहीसा झाला आणि अटीत बसणारा कर्जदार मिळणे कठीण होऊन बसले. आल्फ्रेड नोबेल यांची गंमत आणखी निराळी. १८९५ साली वकिलाच्या मदतीवाचून लिहिलेल्या मृत्युपत्रात त्यांनी जवळजवळ सारी संपत्ती अशा निधीस दिली की जो तेव्हा अस्तित्वातच नव्हता, आणि ज्या संस्थांवर पारितोषिके देण्याचे काम सोपविले त्यांना विचारलेही नव्हते. नातेवाइकांनी वाद घातले. १८९६ साली नोबेल वारले. पहिली पारितोषिके दिली गेली ती १९०१ साली.

तात्पर्य, शब्द ‘धर्म’ इतका सैल नको आणि ‘पंचविशीच्या आतील विवाहित कारागीर’ इतका आवळलेलाही नको. विशिष्ट नोंदणीकृत न्यासाचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहावा. कामाचे क्षेत्र सांगावे, पण पद्धत त्यांच्यावर सोडावी. आणि ती संस्था बंद पडल्यास तत्सम काम करणारी दुसरी संस्था निवडण्याचा अधिकार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकास द्यावा. ठरावीक रकमेऐवजी उरलेल्या मालमत्तेचा शेकडा अमुक भाग असे लिहिणे केव्हाही शहाणपणाचे. म्हातारपणाच्या आजारात पुंजी निम्मी झाली तर ठरावीक रकमेचे दान मुलांच्या वाट्यावर पडते. टक्क्यांचे दान आपोआप आक्रसते.

बँकेच्या खात्यावर नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, ही समजूतही सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, रक्कम स्वीकारणारा केवळ हात होय, हे सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीच्या संदर्भात १९८३ साली सांगितले आणि कंपन्यांच्या समभागांबाबत २०२३ साली पुन्हा सांगितले. विम्याच्या कायद्यात २०१५ साली जवळच्या नातलगांपुरता अपवाद झाला आहे, तेवढा ध्यानात ठेवावा लागतो. त्याचप्रमाणे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील स्वतःचा हिस्साच काय तो मृत्युपत्राने देता येतो. मुसलमान व्यक्तीस वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तीस जवळचे नातलग असल्यास धर्मादाय दानाचे मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी करावे लागे; ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरविले. मरणशय्येवरील दानाकडे कायदा नेहमीच संशयाने पाहत आला आहे, आणि तो संशय सर्वस्वी अनाठायी नाही. म्हणून हे काम हिंडत्याफिरत्या वयात करावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाने हेही पाहावे की, ज्या भारतीय संस्थेला तो देणगी ठेवतो तिला परदेशी देणग्या स्वीकारण्याची नोंदणी आहे किंवा नाही. नसेल तर रक्कम संस्थेला घेता येणार नाही.

मुलांचा हक्क, सरकारचे कर्तव्य आणि कोळ्याचा प्रश्न

या विचाराविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. मुलांच्या तोंडचा घास काढून माशांना का घालावयाचा, हा पहिला. शेकडा पंचाण्णव ज्याला मिळते त्याच्या तोंडचा घास निघाला असे कोणी म्हणणार नाही, एवढे उत्तर त्याला पुरे. येथे एका वर्गाचा मात्र स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. मूलबाळ नसलेली एखादी विधवा शिक्षिका तीस वर्षे नोकरी करून स्वकष्टाची पुंजी जमविते आणि मृत्युपत्र न करता जाते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती पुंजी तिच्या दिवंगत पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील हयात असले तरी त्यांचा क्रम नंतरचा. ज्या दिराने किंवा पुतण्याने तिची कधी विचारपूसही केली नाही त्याच्या दारात ती रक्कम जाऊन पडते. आणि ज्याला कोणीच वारस नाही त्याची मालमत्ता सरकारजमा होते. ‘मृत्युपत्र श्रीमंतांनी करावे’ हा समज अशा स्त्रियांना सर्वांत महाग पडतो.

दुसरा आक्षेप असा की, समुद्र राखणे हे सरकारचे काम आहे. निःसंशय आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्याचा नियम सरकारच करू शकते. १९८१ चा मासेमारी नियमन कायदा सरकारनेच केला. परंतु मुंबईतील खारफुटीचा इतिहास काय सांगतो? ती तोडली जात होती, भराव पडत होते, आणि शेवटी एका नागरी संस्थेला उच्च न्यायालयात जावे लागले. २००५ साली न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात तिचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे म्हटले. मधली तेरा वर्षे दावा चालू होता. ज्याच्यावर दावा लावावयाचा त्याच्याच अनुदानावर दावा लावणारी संस्था कशी चालणार? त्या संस्थेचा पैसा सरकारी नसणे हीच तिची पहिली पात्रता होय.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांची बाजू वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंत फारशी पोहोचत नाही. मालवणजवळचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, तेथील प्रवाळ व मासळी यांचे महत्त्व वादातीत आहे. पण ज्यांच्या होड्या त्याच पाण्यात जातात त्या मच्छीमारांनी त्यास विरोध केला. अभयारण्य म्हणजे आपल्याला घराबाहेर काढण्याचा कागद, असे त्यांना वाटले. आणि किनाऱ्यावरच्या इतर प्रकल्पांचा अनुभव पाहता ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. रापण ओढणाऱ्या गरीब कोळ्याला कुंपणाबाहेर ठेवावयाचे आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांनी खोल पाण्यात थवेच्या थवे उचलावयाचे, ही संरक्षणाची रीत अन्यायाची तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. ज्याला समुद्राला काही ठेवावयाचे आहे त्याने संस्थेचा अहवाल वाचताना कासवांचे फोटो बाजूला सारून एवढेच पाहावे की, तिच्या कामात मच्छीमार सहकारी म्हणून आहेत की केवळ आरोपी म्हणून.

याचे एक चांगले उदाहरण राज्याच्याच कारभारात सापडते. जाळ्यात देवमासा, डॉल्फिन किंवा कासव अडकले तर त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे ही कोळ्याची भांडवली गुंतवणूक असते. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने अशा फाटक्या जाळ्यापोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली. तिच्यामागचे अर्थशास्त्र निर्दोष आहे. उपदेशाने जे होत नाही ते नुकसान भरून दिल्याने होते. सरकारी पैसा मंजूर होण्यास आणि हातात पडण्यास किती टेबले ओलांडावी लागतात, हे वाचकांतील कारकूनवर्गास निराळे सांगावयास नको. मधल्या काळात दुसरे जाळे घेण्यापुरती उचल देऊ शकणारा एखादा स्थानिक निधी असेल तर नाखवा सुरी काढावयास कचरणार नाही.

आता एका सामान्य मृत्युपत्राचा हिशेब करून पाहावा. घर मुलांना दिल्यानंतर ठेवी वगैरे मिळून चाळीस लाख उरले आणि त्यांतील शेकडा पाच समुद्राला ठेवले, तर दोन लाख होतात. म्हणजे आठ जाळी. हीच रक्कम कायम ठेव म्हणून गुंतविली आणि सहा टक्के व्याज मिळाले तर वर्षाला बारा हजार, म्हणजे दोन वर्षांत जेमतेम एक जाळे. त्यात महागाईही सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत त्या व्याजाची खरेदीशक्ती निम्मी होते. पन्नास वर्षांपूर्वी ठेवलेल्या सुवर्णपदकाच्या निधीचे व्याज आज पदकाच्या डबीलाही पुरत नाही, हा अनुभव कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारला तरी मिळेल. मूळ रकमेस हात लावू नये, या अटीत पावित्र्य असेल. शहाणपण असतेच असे नाही. दहा-पंधरा वर्षांत, म्हणजे कासवाच्या एका पिढीच्या काळात, ती रक्कम मुदलासकट खर्च करण्याची मोकळीक संस्थेला द्यावी हे अधिक बरे.

राहता राहिला तो घरातील संवाद. मृत्युपत्रातील दानावरून होणारे तंटे बहुतेक वेळा रकमेवरून नसतात. बाबांनी आम्हांला सांगितले नाही, या दुखऱ्या जागेवरून असतात. तेराव्यानंतर कपाटातील कागद बाहेर निघतो, त्यात कोणा अनोळखी संस्थेचे नाव दिसते, आणि कोणी तरी म्हाताऱ्याला फसविले असा संशय बळावतो. मुलांना आधी सांगितले, शक्य तर एकदा त्या किनाऱ्यावर बरोबर नेले, तर हा संशय उरत नाही. व्यवस्थापक म्हणून वयाने लहान व हिशेबी माणूस नेमावा, दान घेणाऱ्या संस्थेच्या माणसाला साक्षीदार करू नये, वय फार झाले असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. आणि कागद कोठे ठेवला आहे ते निदान दोघांना माहीत असावे. बँकेच्या लॉकरात ठेवलेले मृत्युपत्र हाती येण्यासाठी आधी लॉकर उघडावा लागतो, आणि तो उघडण्याचा अधिकार कोणाचा हे ठरविण्यासाठी पुष्कळदा बँक तेच मृत्युपत्र मागते. मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे जमा करण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, आणि ती ज्याला जिल्ह्याच्या गावी एक फेरी घालता येईल अशा कोणालाही खुली आहे.